पडीक कोपरा

आक्का,

तुमच्या केसांना माझा हात पहिल्यांदा लागला तो लातूरच्या दवाखान्यात. मी भावजय म्हणून या घरात आले तेव्हापासून आपण एकाच चुलीवरचं खाल्लं, पण वेणी तुम्ही कधी कुणाला घालू दिली नाहीत. डावा हात आणि दात, एवढ्यावर तुमचं सगळं चालायचं. चोळीची गाठ दातांत धरून ओढायचात. परात गुडघ्यानं दाबून पीठ मळायचात. सुरुवातीला मला ते बघवत नसे. मी पुढं झाले की तुमचं ठरलेलं वाक्य, "सर तिकडं. मला हात हाय."

एक हात हाय, असं कधी म्हणाला नाहीत.

लकव्यानं नेमका तोच नेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गोठ्यात होतात, बैलांच्या गळ्यातले घुंगरू सोडत. मी अंगण झाडून राहिले होते. तुम्ही आतून म्हणालात, "सुमन, माझा हात कुणी धरला गं?" मी झाडू टाकून आले. कुणीच धरला नव्हता. तुम्ही दावणीला टेकून बसला होतात, तोंड एका अंगाला ओढलेलं, आणि हातातले घुंगरू शेणात पडलेले. मळणी मशीनवाल्या बालाजीनं त्याची जीप काढली. आधी अहमदपूर, तिथून लातूर. वाटेत तुम्ही माझ्याकडं बघत होतात आणि मला तुमचा राग येत होता. माणूस मरणाच्या वाटेवर असताना राग येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

राग गोळीचा होता. मी अंगणवाडीत काम करते, गावातल्या बायांना गोळ्या चुकवू नका म्हणून सांगते, आणि माझ्याच घरात तुम्ही उपासाच्या दिवशी बीपीच्या गोळीलाही उपास घडवायचात.

"गोळी जेवल्यावर घ्यायची असती. मी जेवलेच न्हाई, तर घेऊ कशी?"

"भगर खाल्ली ना आत्ता?"

"भगर म्हणजे जेवण व्हय?"

सोमवार, एकादशी, चतुर्थी, आणि श्रावण तर सगळाच. यावर आपण किती भांडलो. तुम्हाला गप्प करील असं उत्तर मला कधी सापडलं नाही. अजूनही मधूनच एखादं चांगलं उत्तर सुचतं, भांडी घासताना, अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना. सुचतं आणि सांगायला कुणी नसतं.

दवाखान्यात तुम्हाला दोन्ही हात नव्हते. मी घास भरवायचे. पहिल्या दिवशी तुम्ही ओठ मिटून घेतलेत. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून तोंड उघडलंत. भरवणारी दिसली नाही म्हणजे आपलं आपण खाल्ल्यासारखं, असंच असेल ना ते? मीही मग तुमच्याकडं न बघता भरवायला शिकले. वेणी घालायला बसले तेव्हा मात्र तुम्ही बोललात, जड जिभेनं, "तुझ्या हातात ताकद न्हाई बघ. घट्ट घाल." मला इतकं बरं वाटलं, आक्का. वाटलं, ही बाई आता उठते.

तुमच्या उजव्या हाताची गोष्ट मला तुमच्याकडून कळलीच नव्हती. तुमच्या भावानं सांगितली होती, लग्नानंतर, तीही तुटक तुटक. हदगावकडं तुमचं सासर. ज्वारीची मळणी चालली होती, पदर मशीनच्या पट्ट्यात गेला, तो ओढायला म्हणून तुम्ही हात घातलात. कोपरापासून खालचा हात गेला. दवाखान्यातून तुम्हाला माहेरी आणलं ते विश्रांतीसाठी, आणि मग न्यायला कुणी आलं नाही. पुढं कळलं की त्यांनी दुसरी केली. माझ्या सासऱ्यांनी त्या दिवसापासून त्या गावाचं नाव घरात घेऊ दिलं नाही.

मी आले तेव्हा तुम्हाला भ्यायचे. थोट्या हाताला नव्हे, तुमच्या तोंडाला. आणि दिवाळीच्या आसपास, सोयाबीनची मळणी सुरू झाली की तुम्ही घरात नसायचात. गावात कुणाच्याही रानात मशीन लागो, तुम्ही हजर. सोयाबीनची रचलेली बनीम बघायला नव्हे, बाया बघायला. उभ्या उभ्या सगळ्यांना दम द्यायचात. पदर खोचा. वर नवऱ्याचा सदरा घाला. केस बांधा. बांगड्या मागं सारा. गळ्यात रुमाल लोंबता ठेवू नका. बाया हसायच्या. गडी वैतागायचे. बालाजी तर म्हणायचा, "आक्का आली की अर्ध्या तासाची मळणी तासावर जाती."

मग तुम्ही पदर बाजूला करून थोटा हात वर करायचात. बोलायचं नाही काही. नुसता वर करायचा. हसणं बंद व्हायचं.

रंजनाचा दिवस मला विसरता येणार नाही, कारण त्या दिवशी मीही तिथं होते. आपल्याच रानात मळणी होती. भीमनगरातली रंजना मशीनपाशी काड सारत होती. धुळीसाठी तिनं तोंडाला ओढणी बांधलेली. तुम्ही सकाळीच तिला सांगितलं होतं, टोकं आत खोच. तिनं खोचली होतीही, पण वाकता वाकता एक टोक सुटलं आणि पट्ट्यानं धरलं. ओरडलीसुद्धा नाही ती. गळाच आवळला गेला, ओरडणार कशी? मी नुसती बघत होते. बालाजी ट्रॅक्टरवर नव्हता, लांब बांधावर बसला होता. तुम्ही भुसकटाच्या ढिगावरून धावलात, एका हातानं मडगार्ड धरून ट्रॅक्टरवर चढलात आणि स्टॉपर ओढलात. इंजिन थांबलं. रंजना खाली पडली. मी आणि दुसऱ्या बायांनी विळ्यानं ओढणी कापली.

ती श्वास घ्यायला लागली तेव्हा तुम्ही ट्रॅक्टरवरून उतरलात आणि बाजूला जाऊन ओकलात. तोंड पुसलंत, मग बालाजीकडं वळलात.

"कुठं मेला होतास?"

"आक्का, तंबाखू मळायला गेलतो जरा."

"तंबाखू मळ. मानसं नको मळू."

तो रडायला लागला. धिप्पाड माणूस, मिशीवाला, बांधावर बसून ढसाढसा रडला. पुढच्या आठवड्यात अहमदपूरला जाऊन त्यानं पट्ट्यावर लोखंडी जाळी बसवून आणली. त्याचं बघून दुसऱ्या मशीनवाल्यानंही बसवली. बसवली नसती तर तुम्ही त्याला गावात मशीन लावू दिलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. मी तुम्हाला त्या संध्याकाळी विचारलं, ट्रॅक्टर बंद करायचं तुम्हाला कुणी शिकवलं? "बालाजीलाच इचारलं होतं एकदा. म्हणलं, चालू कसं करायचं ते नको सांगू, बंद कसं करायचं ते सांग."

आपलं दुसरं मोठं भांडण म्हणजे तो कृत्रिम हात. नांदेडला शिबिर होतं. मी तुमच्यामागं लागून लागून तुम्हाला नेलं. त्यांनी माप घेतलं, पुन्हा बोलावलं, हात बसवून दिला. तुमच्या रंगाचा नव्हता, जरा गोराच होता. तुम्ही म्हणालात, "हा हात बामनाचा दिसून राहिलाय." आपण दोघी नांदेडच्या स्टँडवर हसून हसून बेजार झालो. येताना एसटीत तुम्ही तो मांडीवर ठेवला होता, लहान पोराला धरावं तसा. घरी आलात आणि कपाटात ठेवून दिलात. पुन्हा घातला नाहीत.

मी चिडले. मला वाटायचं, तुम्ही लग्नकार्यात चारचौघींसारखं मिरवावं. दोन्ही हातांत बांगड्या घालाव्यात.

"मळणीत घालून गेले तर बायांना वाटंल, गेला तर गेला, दुसरा मिळतो."

"मग मळणीत नका घालू. पण लग्नाला तर घाला? आणि हेही सांगा, मळणीत हात उघडा करून दाखवता, लग्नात पदराखाली झाकता. असं का?"

तुम्ही म्हणालात, "लग्नात पोरीला आशीर्वाद द्यायचा असतो. भीती न्हाई."

पण पटलं नव्हतं मला, आक्का. अजूनही पटत नाही. तुमच्या त्या हाताचा तुम्ही गावासाठी इशारा करून टाकलात, पण तुमच्यासाठी त्याचं काय केलंत? हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "तुला अंगणवाडीत काम न्हाई का आज?"

आणि हदगावहून तुमच्या नवऱ्याच्या मरणाचा निरोप आला तो दिवस. फोन मीच घेतला होता. तुम्ही तुरीच्या शेंगा सोलत बसला होतात, पायाच्या बोटांत शेंग धरून. मी सांगितलं. तुम्ही धरलेली शेंग पूर्ण सोललीत, उठलात, डोक्यावरून अंघोळ केलीत आणि परत येऊन बसलात. मला राहवलं नाही. म्हटलं, "आक्का, कुंकू?"

"राहू दे. त्याच्या नावाचं कुठं लावत होते? माझ्या कपाळाचं हाय."

शेजारणी काय काय बोलल्या ते तुम्हालाही ऐकू आलं असेल. तुम्ही मरेपर्यंत कुंकू लावलंत. शेवटच्या दिवसांत ते मी लावायचे, दवाखान्यात, बोटानं. "वर लाव जरा," म्हणायचात.

तिथंच, दवाखान्यात, एका दुपारी शेजारच्या खाटेवरची म्हातारी झोपली असताना तुम्ही एकदम म्हणालात, "सुमन, माझा हात तिथं पुरलाय."

मला वाटलं, तुम्ही भ्रमात बोलताय.

"सासऱ्यानं पुरला म्हणं. रानात. मी शुद्धीवर आले तवा हात न्हवता. कुठं पुरला ते कुणी दाखवलं न्हाई. इचारलं तर म्हणायचे, काय करायचंय तुला. एकदा बघायचं होतं."

"बऱ्या व्हा. जाऊ आपण."

"तू नेशील व्हय?"

"नेते की."

"माधव येऊ देनार न्हाई."

"भावाला मी बघते तुमच्या."

तुम्ही वर पंख्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "त्या घरात पानी पिनार न्हाई मी."

"नका पिऊ. घरून बाटली घेऊ."

तुम्ही हसलात. अर्धंच हसू आलं, उजव्या बाजूचं. एवढ्या वर्षांत तुम्ही मला मागितलेली ही एकच गोष्ट. त्यानंतर ताप आला, मग छातीत कफ झाला, आणि महालक्ष्म्या बसायच्या आधीच तुम्ही गेलात.

तुम्हाला अंघोळ घालताना रंजना आली. दारातच उभी राहिली. भावकीतल्या म्हाताऱ्या होत्या, त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "ये गं. तांब्या घे." ती आली. तिनं तुमचा थोटा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सावकाश धुतला, लहान लेकराचा धुवावा तसा. तिच्या गळ्यावरचा तो जुना वळ मला त्या दिवशी पुन्हा दिसला. तुमच्या भावाच्या मनात होतं, तो कृत्रिम हात सोबत द्यावा. मी नको म्हटलं. तुम्ही जिवंतपणी नाकारलेलं तुमच्या अंगावर घालायला माझं मन धजलं नाही. यावरून आम्ही दोघं त्या दिवशीही भांडलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, मी मेले तरी ह्यांचं संपत न्हाई.

तेरावं झालं आणि मी यांना म्हटलं, "हदगावला जायचंय."

"डोकं फिरलंय तुझं. बापानं त्या गावची वाट बंद केली होती."

"आक्कांना नेते म्हणाले होते मी."

"आक्का न्हाई आता."

"म्हणून तर मला जावं लागतंय."

ते उठून बाहेर गेले. सकाळी बघते तर नवे कपडे घालून ओसरीवर बसलेले. नांदेडला गाडी बदलली. गावात पोहोचल्यावर म्हणाले, "मी हितंच पारावर बसतो. तू जाऊन ये." तुमच्या भावानं त्या घराचा उंबरा ओलांडला नाही, आक्का. पण आले ते.

दार उघडलं ती तुमची सवत, शोभाबाई. वाळकी, पांढऱ्या केसांची, गुडघे धरून चालणारी. मी कोण ते सांगितलं, तुम्ही गेलात हेही सांगितलं. त्या भिंतीला धरून खाली बसल्या. त्यांचा थोरला मुलगा पुढं आला, हाताची घडी घालून. "काय काम काढलं?" त्याला वाटलं असणार, पहिलीची माणसं जमिनीत वाटा मागायला आली. मी म्हटलं, "एक जागा बघायची होती फक्त." आणि शोभाबाईंना ते लगेच कळलं. कोणती जागा, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मुलाला म्हणाल्या, "पानी आन त्यांना." मी प्याले. तुमची शपथ तुमच्यापाशी, आक्का. उन्हाचं चालून आले होते आणि ती बाई रडत होती.

रानात त्या स्वतः आल्या, गुडघे धरत. कापूस कमरेएवढा झालेला, बोंडं धरून राहिलेला. वरच्या अंगाला बांधाच्या कोपऱ्यात एक हिवराचं झाड आहे. त्याच्याखाली खाटेएवढी जागा नुसत्या गवताची. सगळीकडं सरी, आणि तेवढी जागा सोडून नांगर वळून गेलेला.

"हितं," शोभाबाई म्हणाल्या. "लग्न होऊन आले तवा मी ह्यांना इचारलं, येवढं पडीक कामून ठेवलं? म्हणले, खाली धोंडा हाय, फाळ तुटतो. मला खरंच वाटलं. मंग सासूनं सांगितलं. जित्ते होते तवर ह्यांनी हितं नांगर घालू दिला न्हाई. पेरणीला सोता यायचे, औत वळवायला. कुनाला कळू नये म्हणून बैलांवरच वरडायचे."

तुम्हाला न्यायला न आलेला माणूस. तुमच्या जागी दुसरी आणलेला माणूस. त्याला तुमच्यापर्यंत यायला एक एसटी बदलावी लागत होती फक्त, आणि तो दर साली या कोपऱ्यापर्यंत यायचा. मला त्याची दया आली आणि लगेच दया आल्याचा राग आला. तुम्हाला हे जिवंतपणी कळलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, तेही मला सांगता येत नाही. कुंकवाबद्दल तुम्ही जे बोललात ते बोलला असता का?

मी खाली बसले. गवताला हात लावला. गवतासारखं गवत होतं. तुमच्या वतीनं बघून घेतलं सगळं, हिवराची सावली किती पडते, बांध कुठून येतो, तिथून घर दिसतं का. घर दिसतं, आक्का.

उठताना शोभाबाईंनी माझा हात धरला.

"ह्यांच्या माघारी पोरगं म्हणून राहिलंय, नांगरतो म्हणून. मी म्हणलं, थांब, ती बाई हाय अजून. तिची वस्तू हाय ती. आता तुम्ही सांगा. कापूस निघाला की नांगरू देऊ का?"

मुलगा माझ्याकडं बघत उभा होता. घडी घातलेले हात आता त्यानं सोडले होते.

आणि मी म्हणाले, "आक्कांना विचारून सांगते."

तोंडातून गेलं. घरातलं काहीही ठरवायचं असलं, गाय विकायची, लेकीचं स्थळ बघायचं, ओसरीवर पत्रे टाकायचे, तर माझं हेच उत्तर असायचं इतकी वर्षं. शोभाबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांनी मान हलवली, जणू मी बरोबर तेच बोलले होते. "इचारा," म्हणाल्या. "घाई न्हाई."

परतीच्या गाडीत यांनी विचारलं, काय झालं तिकडं? मी सगळं सांगितलं, ते शेवटचंसुद्धा. त्यांनी तोंड खिडकीकडं केलं. नांदेड येईपर्यंत त्यांचे खांदे हलत होते.

कापूस निघायला अजून वेळ आहे. मला एकदा वाटतं तुम्ही म्हणाल, नांगरू दे, चांगलं रान पडीक ठेवतं का कुणी? पुन्हा वाटतं, नाही, तेवढी एकच जागा कुणीतरी तुमच्यासाठी राखली होती, ती राहू द्यावी. तुमच्या आवाजात दोन्ही उत्तरं मला ऐकू येतात आणि दोन्ही खरी वाटतात. त्या घरातून दोनदा फोन येऊन गेला. शोभाबाई तब्येत विचारतात, पाऊस विचारतात, आणि मग गप्प बसतात. मी म्हणते, अजून विचारलं नाही.